आधी नावेचा मुक्काम, मग आपला : मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर दोघांनी शिडाच्या बोटीने कसे फिरावे

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर शिडाच्या बोटीने फिरणाऱ्या जोडप्याला दोन प्रवास एकमेकांत गुंफावे लागतात. समुद्रावरचा प्रवास वाऱ्याच्या मर्जीवर चालतो, तर जमिनीवरचा बसच्या तिकिटावर आणि हॉटेलच्या खोलीवर. दोन्हींना सारखाच मान दिला की घोटाळा होतो. आम्ही तो पहिल्याच मोसमात करून पाहिला. फेब्रुवारीत ग्वानाहुआतोच्या हॉटेलात पैसे भरून खोली राखून ठेवली होती आणि बोट मात्र काबो कोर्रिएंतेस या भूशिराच्या दक्षिणेला, चामेलाच्या खाडीत होती. वायव्येचा पंचवीस नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा तोंडावर येत असताना, केवळ खोली वाया जाऊ नये म्हणून, आम्ही नांगर उचलला. चौदा तासांनी पुढच्या शिडाची फाटलेली कड कशीबशी गुंडाळून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, आम्ही पुन्हा त्याच खाडीत नांगर टाकला. खोलीचे पैसे गेलेच, शिवाय शीड शिवायला आणखी गेले. तेव्हापासून आमच्याकडे ‘आधी लगीन कोंढाण्याचे’ हा नियम आहे. बोट कोठे, कोणाच्या भरवशावर आणि किती दिवस सुरक्षित राहील हे ठरल्याशिवाय आतल्या प्रदेशातील एकही तिकीट काढायचे नाही. पुढील सर्व सूचना याच नियमाच्या आधाराने वाचाव्यात.

निघण्याची वेळ

पूर्व पॅसिफिकमधील चक्रीवादळांचा मोसम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. अमेरिकेतील सॅन डिएगोहून दक्षिणेला येणाऱ्या बोटी साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतात. अनेक विमा करारांत ठराविक तारखेपूर्वी ठराविक अक्षांशाच्या दक्षिणेला गेल्यास भरपाई नाकारणारे कलम असते. ते निघण्यापूर्वी शांतपणे वाचावे, कारण ही तारीख बहुधा १ नोव्हेंबरच्या आसपास असते. घाई करण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये ओटिस हे वादळ २५ ऑक्टोबरला आकापुल्कोवर आदळले. एका दिवसापूर्वी ते साधे उष्णकटिबंधीय वादळ होते आणि किनाऱ्याला पोहोचताना पाचव्या श्रेणीचे झाले होते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या वादळापुढे पाच नॉटने चालणाऱ्या बोटीला पळून जाण्याइतका अवधीच मिळत नाही.

मोसमाची ढोबळ आखणी अशी करावी : नोव्हेंबरमध्ये बाहा कालिफोर्निया द्वीपकल्पाचा बाहेरचा, म्हणजे पॅसिफिककडचा किनारा, वर्षअखेरीपर्यंत ला पाझ आणि परिसर, जानेवारी ते मार्च मुख्य भूमीचा किनारा, एप्रिल-मेमध्ये द्वीपकल्प आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या कोर्तेसच्या समुद्रात परत आणि जूनमध्ये बोट जमिनीवर. पहिल्यांदाच निघणाऱ्यांना बाहा हा-हा हा काफिला सोयीचा वाटतो. १९९४ पासून सॅन डिएगो ते काबो सान लुकास अशा सुमारे ७५० सागरी मैलांच्या अंतरावर बोटी दोन थांबे घेत एकत्र जातात. गर्दीचा कंटाळा असलेल्यांनी काफिल्याच्या आठवडाभर मागून निघावे, म्हणजे थांब्यांवर डिझेलसाठी ताटकळावे लागत नाही.

कागदपत्रे

बोटीने येणाऱ्यांसाठी एन्सेनाडा हे प्रवेशाचे सर्वांत सोयीचे बंदर आहे. ते सॅन डिएगोपासून सुमारे ६० सागरी मैलांवर असून तेथे इमिग्रेशन, बंदर कप्तान आणि बोटीच्या परवान्याची खिडकी हे सारे एकाच इमारतीत मिळते. बोटीसाठी तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो. तो बानहेर्सितो ही बँक देते आणि तो दहा वर्षे चालतो. त्यावर इंजिनाचा आणि बोटीचा अनुक्रमांक लिहिला जातो. हे क्रमांक अंधाऱ्या इंजिनखोलीत वाकून वाचावे लागू नयेत म्हणून त्यांची छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत आणि परवान्यावर छापलेला प्रत्येक अंक खिडकीसमोर उभे असतानाच ताडून पाहावा. एक अंक चुकला तर काही वर्षांनंतर बोट विकताना तो आडवा येतो.

पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस मिळू शकतात, परंतु प्रत्यक्षात किती द्यायचे हे अधिकारी ठरवतो. शिक्का घेतल्यावर आकडा पाहिल्याशिवाय खिडकी सोडू नये. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांपैकी एखाद्याचा वैध व्हिसा अथवा कायम वास्तव्याचा परवाना असेल तर पर्यटनासाठी स्वतंत्र व्हिसाची गरज पडत नाही. तरीही नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. मरीनांमध्ये, म्हणजे बोटी बांधण्याच्या भाड्याच्या धक्क्यांवर, जागा घेताना तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा दाखवावा लागतो. बोटीवर गळ आणि काठी असेल, तर मासेमारीचा परवाना फक्त गळ टाकणाऱ्याला नव्हे, तर बोटीवरील प्रत्येकाला लागतो. ‘मी तर मासे खातही नाही’ हा युक्तिवाद चालत नाही.

बाहाचा बाहेरचा किनारा आणि दोघांच्या पाळ्या

या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा वायव्येकडून, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीमागून असतो. सॅन डिएगोपासून बाहिया तोर्तुगास सुमारे ३५० सागरी मैल, तेथून बाहिया सांता मारिया सुमारे २४० आणि पुढे काबो सान लुकास सुमारे १८० मैल. बोटीचा सरासरी वेग पाच नॉट धरला तर पहिला टप्पा जवळपास तीन दिवस आणि तीन रात्रींचा होतो. मध्ये आसऱ्याच्या जागा आहेत, परंतु अनोळखी खाडीत अंधारात शिरण्यापेक्षा बाहेर खोल पाण्यात रात्र काढणे केव्हाही बरे. त्याचे आणखी एक कारण आहे. या किनाऱ्याचे कित्येक नकाशे जुन्या मोजणीवर आधारलेले असून जीपीएसने दाखवलेली जागा आणि नकाशावरचा किनारा यांच्यात काही ठिकाणी मैलभराचेही अंतर पडते. पडद्यावर बोट पाण्यात दिसते म्हणून ती पाण्यातच आहे असे समजू नये. उपग्रहचित्र, रडार आणि स्वतःचे डोळे या तिघांचे एकमत झाले तरच आत शिरावे.

दोघांच्या बोटीवर रात्रीची पाळी हा सगळ्यांत नाजूक विषय असतो. पहिल्या रात्री झोप लागत नाही आणि दुसऱ्या रात्री ती आवरत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारपासूनच आळीपाळीने पडून घ्यावे. आमच्या अनुभवात तीन तासांची पाळी बरी पडते. चार तासांत जागणारा पेंगू लागतो आणि दोन तासांत झोपणाऱ्याची झोप पुरी होत नाही. दोन बाबतींत तडजोड नको. जोडीदार झोपलेला असताना जागणाऱ्याने कोणत्याही कारणासाठी कॉकपिट (सुकाणूजवळची बसण्याची जागा) सोडून पुढे डेकवर जाऊ नये, आणि सुरक्षा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय कॉकपिटमध्येही बसू नये. शीड आखडायचे असेल तर दुसऱ्याला उठवावे. उठवल्याबद्दल सकाळी कुरकुर ऐकून घ्यावी लागते, पण ती ऐकायला दोघेही बोटीवर असणे महत्त्वाचे. सूर्य मावळताना वारा कितीही प्रेमळ वाटत असला तरी मुख्य शीड एक टप्पा आखडूनच रात्रीला सामोरे जावे.

काबो सान लुकास : डोळे उघडे ठेवून थांबावे

येथे पोहोचल्यावर सुटल्यासारखे वाटते, आणि चूक होते ती नेमकी तेव्हाच. शहरासमोरची खाडी आग्नेयेकडे उघडी आहे. डिसेंबर १९८२ मध्ये, म्हणजे चक्रीवादळांचा मोसम संपल्यानंतर, एका रात्री वारा आणि लाटा याच उघड्या बाजूने आत आल्या आणि किनाऱ्याजवळ दाटीने नांगरलेल्या बोटींपैकी दोन डझनांहून अधिक वाळूवर फेकल्या गेल्या. त्यांत जगभर फिरलेले फ्रेंच दर्यावर्दी बर्नार्द म्वातिसिए यांची ‘जोशुआ’ही होती. दक्षिणेच्या रौद्र समुद्रात टिकलेली पोलादी बोट येथे हरली, याचे कारण अगदी साधे होते. पाठीशी किनारा होता आणि बाहेर निघायला उशीर झाला होता. म्हणून डिझेल, पाणी आणि भाजी भरून, हवामानाचा अंदाज पाहून, दोन दिवसांत ला पाझकडे निघावे. मरीनाही येथे महाग आहे, त्यामुळे थांबण्याचे आकर्षण तसेही लवकर ओसरते.

नांगर टाकण्याची दोघांची पद्धत येथपर्यंत बसली पाहिजे. एक जण नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर), दुसरा सुकाणूवर, मध्ये इंजिनाचा आवाज आणि वारा, अशा स्थितीत ओरडून काहीही पोहोचत नाही, पोहोचतो तो फक्त सूर. हाताच्या पाच खुणा ठरवाव्यात : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब. साखळी किती सोडायची याचा हिशेब तोंडी पाठ असावा. समजा पाणी सहा मीटर आहे, भरतीला आणखी दीड मीटर चढणार आहे आणि नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच आहे. एकूण नऊ मीटर झाले. त्याच्या पाचपट, म्हणजे पंचेचाळीस मीटर साखळी सोडावी आणि वारा वाढणार असेल तर सातपट. मग इंजिन हळूहळू मागे चालवून साखळीला हात लावून पाहावा. नांगर रुतला असेल तर साखळी ताणून स्थिर राहते, आणि घसरत असेल तर ती हाताखाली खडखडते. ही खडखड एकदा हाताला कळली की कायम लक्षात राहते. त्यानंतर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवाव्यात आणि चहा होईपर्यंत त्या सरकल्या नाहीत तरच इंजिन बंद करावे.

ला पाझ आणि कोर्तेसचा समुद्र

ला पाझच्या लांबट खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असतो आणि वारा बऱ्याचदा त्याच्या विरुद्ध वाहतो. त्यामुळे शेजारशेजारच्या नांगरलेल्या बोटी वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून गिरक्या घेतात. तेथे या प्रकाराला ‘ला पाझचा वॉल्ट्झ’ म्हणतात. शेजाऱ्यापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे. सकाळी आठ वाजता व्हीएचएफ रेडिओच्या २२ क्रमांकाच्या वाहिनीवर बोटींची सभा भरते. हवामान, सुटे भाग, डॉक्टर, बोट सांभाळणारा माणूस, सगळे तेथे विचारता येते. नवख्यांनी पहिले दोन दिवस फक्त ऐकावे.

येथील दोन वारे ओळखून घ्यावेत. हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम भागात हवेचा मोठा दाब साचला की उत्तरेचा वारा या चिंचोळ्या समुद्रातून सलग दोन-चार दिवस वीस ते तीस नॉटने वाहतो आणि आखूड, उभ्या लाटा उठवतो. त्याचा अंदाज काही दिवस आधी मिळतो, म्हणून त्यात अडकणे हे बहुधा घाईचे फळ असते. दुसरा कोरोमुएल. तो वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्यात, पॅसिफिककडून जमीन ओलांडून, रात्री दक्षिण-नैर्ऋत्येकडून येतो. एस्पिरितू सांतोला लागून असलेल्या पार्तिदा बेटावरील एन्सेनादा ग्रांदेसारख्या पश्चिमेला उघड्या सुंदर खाड्या दिवसा स्वर्ग आणि रात्री पाळणा होतात त्या याच्यामुळे. या बेटांवर उतरण्यासाठी राष्ट्रीय उद्यानाची परवानगी घ्यावी लागते. ती ला पाझमध्येच घेऊन ठेवावी.

आतल्या प्रदेशातील पहिली मोठी सहल येथूनच करावी, असे आमचे ठाम मत आहे. बोट ला पाझच्या मरीनात बांधावी, पिचिलिंगे बंदरातून मोठ्या फेरीने समुद्र ओलांडून टोपोलोबाम्पोला जावे आणि जवळच्या लोस मोचिस शहरातून एल चेपे ही रेल्वे पकडावी. १९६१ मध्ये पूर्ण झालेला हा ६५३ किलोमीटरचा लोहमार्ग ८६ बोगदे आणि ३७ पूल ओलांडत सिएरा मादरे पर्वतातून चिवावापर्यंत जातो. जोडप्याने पूर्ण मार्ग करण्याचा हट्ट धरू नये. क्रीलपर्यंतचा भाग सर्वांत देखणा आहे. दिविसादेरोला दोन रात्री राहून ताम्र दरीच्या काठाने चालावे आणि रारामुरी या तेथील मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतून स्थानिक वाटाड्याबरोबरच जावे. क्रील २,३०० मीटरहून उंच आहे आणि हिवाळ्यात तेथे बर्फही पडते. बोटीवर महिनाभर अनवाणी वावरलेल्या माणसाला हे खरे वाटत नाही, म्हणून लोकरीचे कपडे आणि बंद बूट सॅन डिएगोहूनच बोटीत टाकावेत. मात्र लोस मोचिस ज्यात आहे त्या सिनालोआ राज्यात सप्टेंबर २०२४ पासून गुन्हेगारी टोळ्यांमधील संघर्ष पेटलेला आहे. त्यामुळे ताजी परिस्थिती पाहून, दिवसाउजेडी आणि मुख्य मार्गानेच प्रवास करावा, आणि शंका असल्यास ही सहल सोडून द्यावी.

जानेवारीअखेरपर्यंत ला पाझमध्ये असणाऱ्यांना दुसरी, छोटी सहल मिळते. बाहाच्या बाहेरच्या किनाऱ्यावरची बाहिया माग्दालेना ही खाडी नोव्हेंबरमध्ये बोटीने ओलांडताना रिकामी असते. करडे देवमासे तेथे पिलांना जन्म देण्यासाठी जानेवारी ते मार्चमध्ये येतात. तेव्हा बसने द्वीपकल्प आडवे ओलांडून पुएर्तो सान कार्लोस किंवा लोपेस मातेओसला जावे आणि परवानाधारक नावाड्याच्या पांगा या छोट्या मोटार-होडीतून ते पाहावेत. आपली बोट घेऊन त्यांच्यामागे जाण्याचा विचारही करू नये.

मुख्य भूमीकडे

बाहाकडच्या लोस मुएर्तोसच्या खाडीतून मुख्य भूमीवरील मासात्लान जवळपास २०० सागरी मैल आहे. दोन रात्री आणि मधला दिवस असा हिशेब धरावा आणि पोहोचण्याची वेळ सकाळची ठेवावी. या टप्प्यावर कोळ्यांच्या मैलोन्मैल लांब दोऱ्यांपासून सावध राहावे लागते. दोरी पाण्याच्या पृष्ठभागालगत तरंगते. तिच्या टोकांना प्लास्टिकचे कॅन किंवा बाटल्या, आणि एखाद्या काठीला बांधलेले काळे फडके, एवढीच खूण असते. पांगातला माणूस हात हलवताना दिसला की तो अभिवादन करतो असे न समजता तो कोणत्या दिशेला जायला सांगतो ते पाहावे. आम्हाला एकदा एका कोळ्याने अर्धा तास पुढे चालत, दोरीचे टोक दाखवून, वळसा घालून दिला होता. त्याने घेतले ते फक्त थंड पाणी आणि बिस्किटांचा पुडा. इंजिन चालू असताना दोरी पंख्यात गुंतली तर प्रथम इंजिन बंद करावे. रात्री पाण्यात उतरू नये. शिडांवर हळू चालत उजाडण्याची वाट पाहावी.

सान ब्लास हे १७६८ मध्ये वसवलेले जुने स्पॅनिश आरमारी बंदर पाहण्याजोगे आहे. मात्र तेथील हेहेनेस नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिलटांनी अनेकांची हौस फिटवली आहे. मातांचेनच्या उपसागरात किनाऱ्यापासून मैलभर दूर नांगर टाकावा आणि संध्याकाळी किनाऱ्यावर थांबू नये.

पुढचा बांदेरास उपसागर हा या प्रवासाचा मध्यबिंदू मानावा. डिसेंबर ते मार्च येथे कुबडे देवमासे असतात, ला क्रूस आणि नुएवो वायार्ता येथे भरवशाच्या मरीना आहेत आणि पुएर्तो वायार्ताहून बस व विमान दोन्ही मिळतात. एक गंमत लक्षात ठेवावी. नायारित राज्याचा उपसागरालगतचा भाग २०१० पासून शेजारच्या हालिस्को राज्याच्या वेळेनुसार चालतो, बाकीचे नायारित मात्र एक तास मागे असते. उत्तरेकडून येणाऱ्यांची पहिली बस यामुळे चुकते.

काबो कोर्रिएंतेस मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे, वारा पडलेला असताना ओलांडावे. त्याच्या दक्षिणेला चामेला, तेनाकातिता आणि बार्रा दे नाविदाद या जागा आहेत. बार्राच्या शांत खाजणात सकाळी फ्रेंच बेकरीची होडी बोटीबोटीला ताजी क्रोसाँ पोहोचवते. येथूनच २१ नोव्हेंबर १५६४ रोजी स्पॅनिश सेनानी लेगास्पी यांचे आरमार फिलिपिन्सकडे निघाले होते. हे वाचून कोणाला पॅसिफिक ओलांडण्याची लहर आली तर ती क्रोसाँ खाईपर्यंत टिकते का पाहावे.

या किनाऱ्यावर डिंगीने, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीने, फुटणाऱ्या लाटांतून वाळूवर उतरण्याचे तंत्र शिकावेच लागते. लाटा गटागटाने येतात. फुटण्याच्या रेषेबाहेर थांबून दोन-तीन गट मोजावेत, शेवटची मोठी लाट पुढे गेली की तिच्या पाठीवर राहून वेगाने आत जावे, तिला ओलांडू मात्र नये. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला असावी. पाणी गुडघ्याएवढे झाले की मोटार उचलून दोघांनी दोन बाजूंना उतरावे. डिंगी आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये, कारण मागची लाट डिंगीला थेट नडग्यांवर आणते. फोन, पासपोर्ट आणि कोरडे कपडे जलरोधक पिशवीत बांधलेले असावेत. पहिल्या खेपेला उलटणार हे गृहीत धरून पहिली खेप सामानाशिवाय करावी.

आतल्या प्रदेशात जाताना

रात्रभरासाठी बोट सोडायची असेल तर ती नांगरावर सोडू नये. मरीनाच्या धक्क्यावर बांधावी. सहलीच्या आदल्या दिवसाची कामे घाईत उरकू नयेत : पाणी आत घेणाऱ्या तळाच्या सर्व झडपा बंद करणे, बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणारा) बादलीभर पाणी ओतून चालतो का पाहणे, बांधण्याच्या दोऱ्या दुहेरी करून घासणाऱ्या जागी जुन्या होजचे तुकडे चढवणे, फ्रिज रिकामा करून त्याचे झाकण उघडे ठेवणे, गॅस टाकीपाशी बंद करणे आणि गुंडाळलेल्या पुढच्या शिडाभोवती दोरीचे चार वेढे घालणे. यानंतर धक्क्यावरील एका शेजाऱ्याला किल्ली, फोन क्रमांक आणि परतण्याची तारीख द्यावी. आम्ही दाराच्या आत एक कागद चिकटवतो. त्यावर कोणत्या झडपा बंद आहेत ते लिहिलेले असते, कारण परतल्यावर झडप न उघडता इंजिन सुरू करणारा माणूस बहुधा त्याच झडपा बंद करणारा असतो.

पुएर्तो वायार्ताहून ग्वादालाहारा बसने चार-पाच तास आणि तेथून ग्वानाहुआतो आणखी चारेक तास. ईटीएन किंवा प्रिमेरा प्लस यांसारख्या पहिल्या दर्जाच्या बसमध्ये आसन राखीव असते. वातानुकूलन फार थंड असते, म्हणून शाल हाताशी ठेवावी आणि मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा, कारण वाटेत तपासणी होते. प्रवास दिवसाचा आणि टोलच्या रस्त्याने असावा. चांदीच्या खाणींवर वाढलेले ग्वानाहुआतो, १९८८ पासूनचे जागतिक वारसास्थळ, सुमारे २,००० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवरून एका दिवसात तेथे गेल्यावर पहिल्या संध्याकाळी चढ चढू नयेत. गाड्या शहराखालच्या बोगद्यांतून धावतात आणि वरच्या गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत, त्यामुळे चाकांची बॅग निरुपयोगी ठरते, पाठीवरची पिशवीच न्यावी. तेथून सान मिगेल दे आयेंदे दीड-दोन तासांवर आहे. आमच्या मते वेळ कमी असेल तर ते सोडून ग्वानाहुआतोलाच एक रात्र वाढवावी.

मिचोआकानच्या डोंगरांत, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, मोनार्क फुलपाखरे नोव्हेंबर ते मार्चमध्ये झाडांना लगडलेली असतात. फेब्रुवारीतील उन्हाची दुपार सर्वांत चांगली, कारण थंडीत ती उडत नाहीत. मिचोआकान, कोलिमा आणि गेर्रेरो या राज्यांबाबत अनेक देश आपल्या नागरिकांना कडक इशारे देतात. अशा वेळी स्वतः गाडी चालवत जाण्यापेक्षा जाणकार सहल-चालकाबरोबर जावे.

मार्चमधील निर्णय

मार्च उजाडला की उत्तरेला परतायचे की मध्य अमेरिकेकडे जायचे हे ठरवावे लागते. दक्षिणेला जाणाऱ्यांसमोर तेउआंतेपेकचे आखात असते. येथे मेक्सिकोची भूमी सुमारे २०० किलोमीटरच उरते आणि डोंगररांगेत खिंड पडलेली आहे. अटलांटिककडे थंड हवा साचली की ती या खिंडीतून नळीतून सुटावी तशी पॅसिफिकवर येते आणि चाळीस नॉटच्या पुढे जाते. किमान दोन दिवसांची शांतता दिसेपर्यंत उआतुल्कोच्या मरीनात थांबावे आणि मग किनाऱ्याला अगदी लगटून पुएर्तो चियापासकडे जावे, म्हणजे वारा उठलाच तरी लाटा मोठ्या होण्याइतकी जागा मिळत नाही.

याच मुक्कामात ओआहाकाची सहल बसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओआहाका आणि पुएर्तो एस्कोंदिदोच्या बाजूचा किनारा जोडणारा नवा महामार्ग सुरू झाल्यापासून पूर्वीचा पोट ढवळणारा घाटाचा प्रवास टळतो. मोंते आल्बान या प्राचीन नगरीचे अवशेष सकाळी लवकर पाहावेत. मात्र क्रम चुकवू नये : आधी ओआहाका करून यावे आणि नंतरच हवामानाकडे डोळे लावावेत. उलट केले तर शांततेचे दोन दिवस नेमके आपण बाजारात काळी मातीची भांडी पाहत असताना निघून जातात.

उत्तरेला जाणाऱ्यांना काबो सान लुकासपासून सॅन डिएगोपर्यंत समोरच्या वाऱ्याशी ७५० मैल झुंजावे लागते. ज्यांना पुढच्या मोसमातही यायचे आहे त्यांनी तो आटापिटा न करता बोट मुख्य भूमीवरील सोनोरा राज्यातल्या ग्वायमास किंवा सान कार्लोसच्या यार्डात जमिनीवर ठेवावी. ला पाझमध्ये उन्हाळाभर नांगरावर ठेवणे धोक्याचे आहे. सप्टेंबर २०१४ च्या ओडिल वादळाने तेथे ते दाखवून दिले. यार्डात सगळी शिडे उतरवून आत ठेवावीत, छोटे सौर पट्टेही काढावेत, टेकूंखाली फळ्या आहेत का पाहावे आणि टेकू एकमेकांना साखळीने जोडून घ्यावेत. सोनोराच्या उन्हात रबर आणि प्लास्टिक खराब होते, म्हणून खिडक्यांना आतून परावर्तक पत्रे लावावेत आणि सिंकच्या नळ्या झाकाव्यात, कारण वास येऊ लागला की झुरळेही येतात.

मेक्सिको कायमचे सोडत असाल तर बाहेर पडण्याच्या कागदपत्रांबरोबरच बानहेर्सितोकडून आयात परवाना रद्द करून त्याची पावती घ्यावी. तो तसाच राहिला तर बोटीच्या पुढच्या मालकाला त्याच अनुक्रमांकावर नवा परवाना मिळत नाही आणि तो आपल्याला शोधत येतो.